संयुजेचे गमक : अणूच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन

बदलापूर पश्चिमेकडील हेंद्रेपाडा हा उल्हास नदीच्या काठालगतचा भाग. पावसाळ्यात नदीचे पाणी येथे तांबूस व गढूळ असते. याच नदीवरील बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यातून उचललेले पाणी शुद्ध होऊन बदलापूर आणि अंबरनाथ परिसरातील नळांना येते. गढूळ पाण्यातील गाळ बसवण्यासाठी तुरटी किंवा तुरटीच्या जातीचे क्षार, आणि जंतुनाशासाठी क्लोरीन, ही पाणी शुद्धीकरणाची सर्वत्र रूढ असलेली पद्धत आहे. आपल्याकडे घरोघरीही गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवण्याची रीत जुनी आहे.

येथे एक साधा प्रश्न विचारता येतो. गाळ बसवण्यासाठी तुरटीच का? तिच्याहून स्वस्त आणि मुबलक असलेले मीठ का नाही? याचे उत्तर पुष्कळ अंशी एका लहानशा आकड्यात आहे. सोडियमच्या अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, तर अ‍ॅल्युमिनियमच्या अणूच्या बाहेरच्या कवचात तीन असतात. मूलद्रव्याचा अणू दुसऱ्या किती अणूंशी जोडला जाईल, म्हणजेच त्याची संयुजा किती, हे प्रामुख्याने या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरून ठरते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या रासायनिक उद्योगांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हा विषय केवळ नववी-दहावीच्या पाठ्यपुस्तकापुरता उरत नाही. कारखान्यातील प्रक्रिया, नळाचे पाणी आणि नाल्यातील विषारी वायू या सर्वांमागे तोच हिशेब असतो.

संयुजा म्हणजे काय?

हायड्रोजनचा अणू नेहमी एकाच बंधाने जोडला जातो. म्हणून हायड्रोजनची संयुजा एक मानून इतर मूलद्रव्यांची संयुजा मोजण्याची प्रथा पडली. क्लोरीनच्या एका अणूशी हायड्रोजनचा एक अणू जोडला जातो व हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू तयार होतो; म्हणून क्लोरीनची संयुजा एक. ऑक्सिजनच्या एका अणूशी हायड्रोजनचे दोन अणू जोडले जाऊन पाणी बनते. म्हणून ऑक्सिजनची संयुजा दोन. अमोनियात नायट्रोजनच्या एका अणूशी हायड्रोजनचे तीन अणू असतात, तर मिथेनमध्ये कार्बनच्या एका अणूशी चार. यावरून नायट्रोजनची संयुजा तीन आणि कार्बनची चार ठरते.

ही कल्पना इलेक्ट्रॉनच्या शोधाहून जुनी आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५२ मध्ये असे दाखवून दिले, की नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये इतर मूलद्रव्यांशी ठरावीक प्रमाणातच, प्रामुख्याने तीन किंवा पाच या संख्येने संयोग पावतात. पुढे १८५८ मध्ये ऑगस्ट केकुले यांनी कार्बनची संयुजा चार असल्याचे आणि कार्बनचे अणू परस्परांशी साखळीने जोडले जात असल्याचे मांडले. रशियाच्या दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली, तेव्हा एका गणातील मूलद्रव्यांची संयुजा सारखी असते ही गोष्ट त्यांच्या मांडणीचा मोठा आधार होती. मात्र ती सारखी का असते, याचे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते.

उत्तराची वाट १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधल्यावर मोकळी झाली. रिचर्ड अ‍ॅबेग यांनी १९०४ मध्ये एक लक्षणीय नियम नोंदवला. मूलद्रव्याची सर्वाधिक धन संयुजा आणि सर्वाधिक ऋण संयुजा यांची बेरीज बहुधा आठ येते. गंधकासाठी ती सहा आणि दोन, क्लोरीनसाठी सात आणि एक, फॉस्फरससाठी पाच आणि तीन. नील्स बोहर यांनी १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक ऊर्जापातळ्यांची कल्पना मांडली. त्यानंतर १९१६ मध्ये अमेरिकेत गिल्बर्ट ल्युइस आणि जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रासायनिक बंधाचा संबंध बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी जोडला. कोसेल यांनी इलेक्ट्रॉन देण्याघेण्यावर, तर ल्युइस यांनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवण्यावर भर दिला. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१९ पासून या विचाराचा विस्तार व प्रसार केला.

कवचांची रचना

अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या कवचांत विभागलेले असतात. केंद्रकाकडून बाहेर जाताना या कवचांना के, एल, एम, एन अशी नावे आहेत. पहिल्या कवचात जास्तीत जास्त २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात ३२ इलेक्ट्रॉन मावतात. परंतु जे कवच सर्वांत बाहेरचे असते, त्यात सामान्यतः आठांपेक्षा अधिक इलेक्ट्रॉन नसतात.

अणुअंक ११ ते १८ या मूलद्रव्यांची ओळ पाहिली, की नियम स्पष्ट होतो.

सोडियम : २, ८, १ – संयुजा १
मॅग्नेशियम : २, ८, २ – संयुजा २
अ‍ॅल्युमिनियम : २, ८, ३ – संयुजा ३
सिलिकॉन : २, ८, ४ – संयुजा ४
फॉस्फरस : २, ८, ५ – संयुजा ३, तसेच ५
गंधक : २, ८, ६ – संयुजा २, तसेच ४ व ६
क्लोरीन : २, ८, ७ – संयुजा १, तसेच ३, ५ व ७
अरगॉन : २, ८, ८ – संयुजा ०

बाहेरचे इलेक्ट्रॉन चार किंवा त्याहून कमी असले, तर ती संख्या हीच संयुजा. ते चारांहून अधिक असले, तर आठातून ती संख्या वजा करून मिळणारा आकडा ही नेहमीची संयुजा. अरगॉनच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन असल्याने तो सहसा कोणाशीच संयोग पावत नाही. निऑन, क्रिप्टॉन यांचीही रचना अशीच असते. हेलियमच्या एकमेव कवचात दोनच इलेक्ट्रॉन मावतात व ते पूर्ण असतात. या स्थिर रचनांना अनुक्रमे अष्टक आणि द्विक असे म्हणतात.

आठ हीच संख्या का?

'अणूला आपले अष्टक पूर्ण करावयाचे असते' असे वाक्य विद्यार्थ्यांच्या वह्यांत हमखास आढळते. ते लक्षात ठेवण्यास सोयीचे असले, तरी अणूला इच्छा नसते. प्रश्न ऊर्जेच्या जमाखर्चाचा आहे.

सोडियमच्या अणूतून बाहेरचा एकमेव इलेक्ट्रॉन काढण्यासाठी दर मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा म्हटले, तर हाच आकडा सुमारे ४,५६२ वर, म्हणजे नऊपटींहून अधिक होतो. कारण हा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातील असतो. तो केंद्रकाला जवळ असतो आणि त्याच्यावरील केंद्रकाच्या ओढीला मधल्या इलेक्ट्रॉनांचा अडसर कमी पडतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत पहिल्या इलेक्ट्रॉनसाठी सुमारे ७३८, दुसऱ्यासाठी १,४५१ आणि तिसऱ्यासाठी एकदम ७,७३३ किलोज्यूल लागतात. ही उडी सोडियममध्ये पहिल्या इलेक्ट्रॉननंतर आणि मॅग्नेशियममध्ये दुसऱ्यानंतर येते. म्हणूनच एकाची संयुजा एक आणि दुसऱ्याची दोन. बाहेरचे कवच संपले, की पुढचा व्यवहार परवडत नाही, एवढाच याचा अर्थ.

येथे आणखी एक शंका रास्त ठरते. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यासाठीही ऊर्जा खर्चच करावी लागते. क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळाल्याने सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात, पण तेवढ्याने ४९६ ची भरपाई होत नाही. मग मीठ तयार कसे होते? उरलेली तूट मिठाच्या स्फटिकात भरून निघते. धन प्रभारित सोडियम आणि ऋण प्रभारित क्लोरीन यांचे आयन स्फटिकात शिस्तीने एकमेकांशेजारी रचले जातात, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एकूण व्यवहार फायद्याचा ठरतो तो यामुळे. अष्टक हा या जमाखर्चाचा सोपा सारांश आहे, त्याचे मूळ कारण नव्हे.

देणे, घेणे आणि सामाईक ठेवणे

एका अणूने इलेक्ट्रॉन दिला व दुसऱ्याने घेतला, तर आयनिक बंध तयार होतो. मीठ, चुना, तुरटी यांत असे बंध आढळतात. दोन्ही अणूंना इलेक्ट्रॉन सोडणे परवडत नसेल, तर ते इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात; याला सहसंयुज बंध म्हणतात. पाणी, साखर, कापूस, प्लास्टिक आणि आपले शरीर घडवणारी बहुतेक संयुगे अशा बंधांनी बांधलेली असतात. कार्बनच्या बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन असल्याने चार सोडणे किंवा चार घेणे ही दोन्ही कामे त्याला जड जातात. म्हणून तो चार जोड्या सामाईक ठेवतो. साखळ्या, फांद्या आणि वलये करण्याची त्याची असाधारण क्षमता, आणि तिच्यावर उभे असलेले औषध, रंग व धाग्यांचे उद्योग, या चार इलेक्ट्रॉनांची देणगी होय.

गंधकाची तीन रूपे

बाहेरचे इलेक्ट्रॉन तेच असले, तरी मूलद्रव्य ते कसे गुंतवते यावर त्याचे वर्तन बदलते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे गंधक, आणि या परिसराच्या औद्योगिक इतिहासात गंधकाला मोठे स्थान आहे. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने अंबरनाथ येथे गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खताचे उत्पादन सुरू केले. शहाड येथे सेंच्युरी रेयॉनने व्हिस्कोस रेयॉनचा धागा काढला. या दोन्ही उद्योगांचे गाडे गंधकावाचून चालत नाही.

गंधकाच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात. हायड्रोजनशी संयोग पावताना ते दोन बंध करते व हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू बनतो. गंधक हवेत जाळले, तर सल्फर डायऑक्साइड मिळतो. त्यात गंधकाची संयुजा चार असते. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याचा ऑक्सिजनशी आणखी संयोग घडवला, की सल्फर ट्रायऑक्साइड मिळतो व त्यापासून गंधकाम्ल तयार होते. येथे बाहेरचे सहाही इलेक्ट्रॉन कामी लागलेले असतात. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचातही सहाच इलेक्ट्रॉन असतात. परंतु त्याचा अणू लहान आणि इलेक्ट्रॉन घट्ट धरणारा असल्याने गंधकाप्रमाणे चार किंवा सहा ही संयुजा तो दाखवत नाही. यावरून बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येबरोबर अणूचा आकारही विचारात घ्यावा लागतो, हे ध्यानात येते.

रेयॉनच्या निर्मितीत कापसासारख्या वनस्पतिजन्य सेल्युलोजवर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करून दाट द्रव बनवतात आणि तो गंधकाम्लाच्या कुंडात सोडून त्याचा धागा काढतात. चार बंध करणारा कार्बन आणि दोन बंध करणारे दोन गंधक यांपासून बनलेल्या कार्बन डायसल्फाइडची रचना थेट कार्बन डायऑक्साइडसारखी असते, कारण ऑक्सिजन व गंधक एकाच गणातील आहेत.

काडेपेटीतील देवाणघेवाण

अंबरनाथच्या विमको नाक्याला ज्या काडेपेटी कारखान्यामुळे नाव मिळाले, तो स्वीडिश भांडवलातून उभा राहिलेला उद्योग होता. काडेपेटी हा संयुजेचा छोटेखानी पाठच आहे. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट व गंधक असते. पेटीच्या कडेला लाल फॉस्फरस आणि काचेची पूड असते. क्लोरेटमध्ये क्लोरीनने पाच इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या बाजूला झुकू दिलेले असतात. काडी घासताच क्लोरेटमधील ऑक्सिजन सुटतो आणि क्लोरीन एका इलेक्ट्रॉनच्या लाभाने मिठातल्यासारख्या स्वस्थ क्लोराइड रूपात येतो. सुटलेला ऑक्सिजन फॉस्फरसच्या पाचही बाह्य इलेक्ट्रॉनांशी आणि गंधकाशी संयोग पावतो. त्या क्षणी मोकळी झालेली ऊर्जा म्हणजेच ज्योत. क्लोरीन व फॉस्फरस तेच राहतात, बदलते ती केवळ बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी.

नियमाला अपवाद ठरणारे धातू

लोखंडाच्या अणूची रचना २, ८, १४, २ अशी असते. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन गेले, की त्याची संयुजा दोन होते. हिराकशीत लोह या रूपात असते व तिचा रंग हिरवट असतो. पण आतील अपूर्ण कवचातील आणखी एक इलेक्ट्रॉन जाणेही लोहाला परवडते आणि संयुजा तीन होते. दमट हवेत चढणारा तांबूस गंज या रूपातील आहे. तांबे, मँगेनीज, क्रोमियम यांचेही असेच. या संक्रमण धातूंमध्ये शेवटून दुसरे कवचही व्यवहारात भाग घेते, त्यामुळे केवळ बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजून संयुजा सांगता येत नाही.

क्रोमियमच्या बाबतीत हा फरक आरोग्याचा प्रश्न बनतो. इलेक्ट्रोप्लेटिंगसारख्या उद्योगांत वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते, पेशींत शिरते आणि कर्करोगकारक आहे. त्रिसंयुजी क्रोमियम त्या मानाने पुष्कळच कमी घातक असते आणि चुना टाकून ते गाळाच्या रूपात वेगळे करता येते. म्हणून अशा सांडपाण्यावर प्रक्रिया करताना आधी रसायनांद्वारे इलेक्ट्रॉन पुरवून क्रोमियमची संयुजा सहावरून तीनवर आणतात व मगच ते गाळून काढतात. मूलद्रव्य नष्ट करता येत नाही, त्याची संयुजा मात्र बदलता येते.

निष्क्रिय वायूंनाही पूर्णपणे निष्क्रिय म्हणता येत नाही. नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये झेनॉनचे संयुग तयार केले. झेनॉनचा अणू मोठा असल्याने त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर व सैल असतात, हे त्याचे कारण.

तुरटी, क्लोरीन आणि नळाचे पाणी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. नदीच्या पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण सहसा ऋण प्रभारित असतात. सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे कण एकत्र येत नाहीत आणि तळाशी बसत नाहीत. पाण्यात धन आयन मिसळले, की ही दुरावणारी शक्ती क्षीण होते. हान्स शुल्झे यांनी १८८२ मध्ये आणि विल्यम हार्डी यांनी १९०० मध्ये केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की आयनाची संयुजा वाढते तशी त्याची कण गोठवण्याची शक्ती झपाट्याने वाढते. ती केवळ दुप्पट किंवा तिप्पट होत नाही. एकसंयुजी सोडियमच्या तुलनेत त्रिसंयुजी अ‍ॅल्युमिनियम शेकडो पटींनी प्रभावी ठरू शकते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार करते आणि ते गाळाला कवेत घेऊन खाली बसतात. मिठाने हेच काम करायचे, तर पाणी पिण्यायोग्य राहणार नाही.

गाळ बसलेल्या पाण्यात क्लोरीन मिसळतात. बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असलेला क्लोरीन आठव्या इलेक्ट्रॉनसाठी जंतूंच्या पेशींतील द्रव्यांवर तुटून पडतो व त्यांचे कार्य थांबवतो. ब्लीचिंग पावडरही याच कामी येते. मात्र ब्लीचिंग पावडर आणि शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. पावडरीतील इलेक्ट्रॉन गमावलेला क्लोरीन आणि आम्लातील इलेक्ट्रॉन मिळवलेला क्लोरीन आम्लाच्या सान्निध्यात एकमेकांशी हिशेब मिटवतात व विषारी क्लोरीन वायू बंद खोलीत पसरतो.

वालधुनीचा धडा

कारखान्यांच्या सांडपाण्यातही हेच घडू शकते, फक्त प्रमाण मोठे असते. गंधकाचे दोन संयुजेचे रूप म्हणजे सल्फाइड. सल्फाइडयुक्त सांडपाण्याचा आम्लाशी संपर्क आला, की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने नाले, टाक्या व मॅनहोल यांत साचतो. थोड्या प्रमाणात असताना त्याची दुर्गंधी लगेच जाणवते, परंतु प्रमाण वाढल्यावर घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास थांबला म्हणजे धोका टळला असा घातक समज होतो. टाकीत उतरलेल्या सफाई कामगारांचे बळी अनेकदा असेच जातात. म्हणून उतरण्यापूर्वी वायुमापकाने तपासणी, हवा खेळती ठेवणे आणि श्वसनासाठी स्वतंत्र साधने यांना पर्याय नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायने सोडली गेल्यानंतर पसरलेल्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले होते. नदीपात्रात काय मिसळले जाते आणि ते आधीपासूनच असलेल्या कोणत्या द्रव्याशी गाठ घेईल, याचा विचार न करता सोडलेला एक टँकर झोपलेल्या वस्तीवर संकट आणू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

विद्यार्थ्यांसाठी

संयुजांचे तक्ते पाठ करण्याऐवजी पहिल्या २० मूलद्रव्यांचे अणुअंक लक्षात ठेवावेत आणि त्यांवरून इलेक्ट्रॉन संरूपण लिहावे. बाहेरच्या कवचातील आकडा दिसला, की संयुजा कळते. दोन मूलद्रव्यांच्या संयुजांची अदलाबदल केली, की संयुगाचे सूत्र मिळते. अ‍ॅल्युमिनियमची संयुजा तीन व ऑक्सिजनची दोन, म्हणून त्यांच्या ऑक्साइडमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. कॅल्शियमची दोन व क्लोरीनची एक, म्हणून कॅल्शियम क्लोराइडमध्ये एकाशी दोन. संक्रमण धातूंसाठी मात्र नावात दिलेला अंक पाहावा. हीच सवय पुढे प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात पिंपावरील लेबल वाचताना उपयोगी पडते. 'क्रोमियम' एवढा शब्द पुरेसा नसतो, त्यापुढे तीन लिहिले आहे की सहा, हे पाहिल्याशिवाय झाकण उघडू नये.